आवळलेले तीन नट

अक्कलकोट रोड एमआयडीसीत कुणाला बी विचारा, प्रभुलिंग जॉबरचे माग बंद का पडत न्हाईत. सांगतील, त्याला ढिला नट खपत न्हाय म्हणून. जॉबर म्हंजे टॉवेलच्या कारखान्यात माग बिगडला की दुरुस्त करणारा माणूस. तीस वर्सं हेच करतोय मी. खिशात कायम पाना. मागाच्या शेजारनं जाता जाता हात आपला फिरतोच, डोक्याला विचारत बी न्हाय. घरी जेवताना माजी बहीण जगदेवी कुकर माज्यापास्नं लांब ठेवती, कारण मी त्याच्या दांड्याचा स्क्रू आवळत बसतो.

दुसरी गोष्ट बी सांगून टाकतो, न्हायतर मल्लेश सांगंलच. तीस वर्सांत ‘माजं चुकलं’ हे दोन शब्द माज्या तोंडातनं निघालेले न्हाईत. चूक असती ती सुताची, लाइटीची, हवेची, न्हायतर मल्लेशची. हा मल्लेश आमच्या शेडमदला विणकर. सा माग एकटा बगतो आणि तोंड मात्र सातव्या मागागत चालवतो.

तर आमच्या शेडमदनं चार जुने माग काढले, मागचा कोपरा मोकळा पडला. मालक भला माणूस, त्यानं तो कोपरा माज्या भाचीला वापरायला दिला. भाची म्हंजे जगदेवीची काव्या. इंजिनिअरिंग कॉलेजात पीएचडी करती, जमिनीचा अभ्यास.

“जमिनीत काय अभ्यासायचं?” मल्लेश म्हणला. “खाली असती की कायम.”

“ती खाली राहते का, तेच बघायचंय मल्लेशकाका,” काव्या म्हणली. मल्लेश आपल्या मागाकडं वळला.

कॉलेजातल्या यंत्रात मातीचा नमुना बसतो तो तांब्याएवढा. बारीक वाळू असंल तर ठीक. पण सांगोल्याकडं माण नदीच्या काठाला जमीन हाय ती लिंबाएवढ्या गोट्यांची. तांब्यात लिंबं बसणार किती? म्हणून पोरीनं दोन वर्सं खपून मोठं यंत्र जोडलं. खाली लोखंडी ताट, वर लोखंडी ताट, आणि मदी जाड रबराच्या पिशवीत गोट्यांचा खांब. घागरीएवढा जाड आणि माज्या मांडीइतका उंच. पंपानं पिशवीतली हवा ओढून घेतली की तो खांब हवाबंद चहाच्या पुडीगत टणक होऊन आपला आपण उभा राहतो.

मंग वरच्या ताटाला आडवा टोला मारायचा. टोल्याची लहर गोट्यांतनं खाली जाती. वरच्या ताटाला एक सेन्सर, खालच्याला एक. वरनं खाली पोचायला लहरीला किती येळ लागला ते कॉम्प्युटर सांगतो, आणि त्यावरनं तिचा वेग निगतो. वेग जास्त तर जमीन घट्ट, कमी तर ढिली. भूकंप झाला तर कुठली जमीन किती हलंल ते त्या आकड्यावरनं कळतं म्हणे. किल्लारीच्या भूकंपात आमच्या फळीवरची भांडी पाक चुलीपतुर आली होती. तवा मी पंचविशीच्या आतला होतो, अजून आठवतं. त्यामुळं हे काम मला एका झटक्यात पटलं, आणि टोला मारायची नोकरी मी स्वतःहून घेतली.

पण दिवस लई थोडे होते. येत्या शनिवारी काव्याचे गाईड सोमशेखर सर यंत्र बगायला येणार होते. लई कडक माणूस. त्यांनी आदीच सांगून ठेवलं होतं की आकडा भरवशाचा आला तर पुढं जा, न्हायतर हे यंत्र बाजूला सार आणि कॉलेजातल्या लहान यंत्रावर वाळूचं काम सुरू कर. म्हंजे पोरीची दोन वर्सं पाण्यात. आवारात पडलेले ते चार जुने माग भंगारवाल्यानं ओढून नेले तवा काव्या तितंच उभी होती. “मामा, माझंही यंत्र असंच जाणार का?” म्हणली. मला राग आला. “जातंय कसं बगतो की मी!” असं ओरडलो.

बुधवारी आमी गोटे भरले. एक थर भरायचा, ठोकायचा, मंग दुसरा. भरताना वरचं ताट वाकडं होऊ न्हाय म्हणून दोन्ही ताटं तीन लोखंडी सळ्यांनी जोडलेली असतात, सळ्यांच्या वरच्या टोकाला नट. भरून झालं, हवा ओढली, की नट ढिले करायचे, म्हंजे वरच्या ताटाचा भार नुसता गोट्यांवर. काव्यानं आपल्या हातानं तिन्ही नट ढिले केले. मंग ती पुठ्ठ्याच्या आडोशाला कॉम्प्युटरपुढं जाऊन बसली आणि मी हातोडी घेऊन ताटापाशी.

“मामा, आधी माग थांबवता का? पडद्यावर नुसती थरथर दिसतीय.”

“माग थांबवायचे? अगं, मालक मलाच थांबवंल!”

तर तिनं तोड काढली. एक टोला मारून भागायचं न्हाय, शंभर मारायचे. शंभर लहरी एकावर एक ठेवल्या की मागांची थरथर आपसात मिटती आणि टोल्याची लहर तेवढी उठून दिसती. टोला मारायचा, ती ‘हं’ म्हणती, परत मारायचा. दोन टोल्यांच्या मदी नुसतं उभं राहायचं. नुसतं उभं राहणं मला कवाच जमलं न्हाय.

शंभर टोले झाले. बगायला गेलो तर पोरगी पडद्याकडं टक लावून बसली होती.

“किती आला?”

“सेकंदाला तीन हजार मीटर.”

“वा! झ्याक!”

“झ्याक कसलं मामा! गोट्यांतून दोनशे, अडीचशे यायला पाहिजे. तीन हजार म्हणजे... हे माती नाहीच.”

परत मारले. तीन हजार. सेन्सर काढून परत चिकटवले, तीन हजार शंभर. बेस्तरवारी अख्खा नमुना उपसून नव्यानं भरला. नट तिनंच ढिले केले, स्वतःच्या हातानं, मी साक्षीला उभा. आणि तरी तीन हजार! मी म्हणलो कॉम्प्युटर खराब हाय. मंग म्हणलो लाइट कमीजास्त हुतीय. शेवटी म्हणलो मल्लेशचा तीन नंबरचा माग लई हादरतोय, त्याचाच दोष.

“माझ्यावर आलंच शेवटी,” मल्लेश म्हणला. “दोन दिवस वाट बगत होतो.”

दुपारी जगदेवी डबा घेऊन आली. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. काव्या घास हातात धरून यंत्राकडं बगत बसलेली. जगदेवीनं माज्याकडं डोळे वटारले, जसं काय मीच तिला उपाशी ठेवलंय. “साकु आता,” म्हणली. “बास कर. पोरीचं तोंड बगितलास का? यंत्र जाऊ दे खड्ड्यात.” साकु म्हंजे पुरे. आमच्या घरात राग आला की कानडी आपोआप येतं. मला बी आलं, पण ते हितं सांगण्यासारखं न्हाय.

शुक्रवारी सकाळी माज्या डोक्यात आलं की दोष हातोडीचा असणार. माणसाचा हात हाय, एक टोला जोरात बसतो, एक फुसका. मागावर तसं चालत न्हाय. धोटा, म्हंजे आडवं सूत नेणारा लाकडी तुकडा, डावीकडनं टोला खाऊन उजवीकडं पळतो, उजवीकडनं खाऊन डावीकडं, आणि दोन्ही टोले सारखे न्हाय बसले तर धोटा उडून कुणाच्या तरी कपाळात. मोडीतल्या मागाचे धोट्याला टोला देणारे दोन लाकडी दांडे मी जपून ठेवले होते. त्यांना स्प्रिंगा लावल्या, टोकाला चामडं बांधलं, आणि एक ताटाच्या डाव्या अंगाला बसवला, एक उजव्या. खटका सोडला की टोला. दरवेळी तेवढाच, गुंजभर कमी न्हाय.

काव्या बगून उडालीच. “मामा, हेच तर पाहिजे होतं! डावीकडून मारलं की आपली लहर पडद्यावर वर उठते, उजवीकडून मारलं की उलटून खाली जाते. बाकीची थरथर उलटत नाही. उलटली ती आपली!”

“धोट्याचीच तऱ्हा की मंग,” मी म्हणलो. लई बरं वाटलं.

दांडे बसवताना ताट हलू न्हाय म्हणून नट आवळले होते, ते ढिले करून ती पडद्यापाशी गेली. डावीकडनं पन्नास, उजवीकडनं पन्नास. दर टोल्याआदी स्प्रिंग ओढून मी ‘हं’ची वाट बगत उभा. लहर उलटली. झकास उलटली, आरशात बगितल्यागत. मी पळत गेलो.

“तीन हजार,” काव्या म्हणली.

ते नववं रीडिंग. तिनं वहीत लिहिलं, पेन ठिवलं, आणि रडली न्हाय, उलट हसली. ते लई वाईट असतं. “आता टोल्याचाही दोष नाही मामा. सेन्सरचा नाही, कॉम्प्युटरचा नाही. म्हणजे यंत्रच चुकलंय. मी सरांना फोन करते, उद्या येऊ नका म्हणून.” आणि फोन घेऊन भाईर गेली.

सात वाजत आले होते, शिफ्ट बदलायची येळ. एकेक माग थांबला आणि शेडमदी दहा मिंटांची ती शांतता पसरली. मी यंत्रापाशी तसाच उभा. राग कुणावर काढावा कळंना. उजव्या हाताच्या बोटानं वरच्या ताटावर टकटक केलं. टण्ण वाजलं.

मी थबकलो. माग कुटं दुखतंय ते मी कानानं सांगतो, माजा कान खोटं बोलत न्हाय. बुधवारी, काव्यानं नट सोडले त्या मिंटाला, हेच ताट धप्प वाजलं होतं, भरल्या पोत्यागत. मंग आता टण्ण कसं? टण्ण म्हंजे लोखंडाला लोखंड भिडलंय. लहर गोट्यांत शिरतच न्हाय, लोखंडातनं सरळ खाली पळतीय. पण लोखंड हाय कुटं, नट तर ढिले... आणि मी खाली बगितलं. माजा डावा हात दुसऱ्या नटावर होता. हातात पाना. आवळत होता!

देवा शपथ, माज्याच हाताला मी चोरासारखं पकडलं. पयला नट आवळून झालेला, तिसरा बी. बुधवारपास्नं दर खेपेला ती नट ढिले करून आडोशामागं जायची आणि मी ‘हं’ची वाट बगत उभा राहून तिन्ही आवळून टाकायचो. नऊ रीडिंगं! पोरीचे तीन दिवस, तिची झोप, तिचा घास, समदं ह्या पान्यानं खाल्लं होतं.

आता खरं सांगतो. चांगल्या माणसानं भाईर पळत जाऊन सांगितलं असतं. मी काय केलं? इकडंतिकडं बगून तिन्ही नट गपचिप ढिले केले, पाना नेऊन हत्यारांच्या डब्यात टाकला आणि हाक मारली, “काव्ये, फोन लागला न्हाय ना? एकडाव शेवटचं मारून बगू की.”

सरांचा फोन लागत नव्हता. आली. मी दोन्ही हात पाठीशी धरून, लागंल तेवढाच एक हात पुढं करून टोले मारले. आडोशामागनं किंकाळी आली.

“दोनशे एकतीस!”

परत मारले, दोनशे अठ्ठावीस. परत, दोनशे तीस. पोरगी नाचायला लागली. मल्लेशच्या मागावरचा कोरा टॉवेल ओढून तिनं फेट्यागत माज्या डोक्याला गुंडाळला. “पण काय केलंत मामा? कसं झालं?”

“काय न्हाय,” मी म्हणलो. “यंत्र नवं हाय. बसायला येळ लागतो.”

मल्लेश माज्याकडं बगत होता. तेनं तर मला जास्तच टोचलं.

शनिवारी धा वाजता सोमशेखर सर आले. बारीक माणूस, बोलणं हळू, पण डोळे पाकिटातल्या नोटा मोजणाऱ्यागत. जगदेवी बी मुद्दाम आलेली, डब्यात शेंगापोळ्या घेऊन. सरांनी यंत्र बगितलं, माजे दांडे बगून मान हलवली, शेवटचे तीन आकडे बगून परत मान हलवली. मला वाटलं, जितली पोरगी. मंग त्यांनी वहीचं मागलं पान उलटलं.

“ही नऊ रीडिंगं तीन हजारांची. का आली?”

“माहीत नाही सर.”

“मग दहावं दोनशे एकतीस का आलं?”

काव्या पानावरचे आकडे परत वाचायला लागली.

“नमुना तोच, सेन्सर तेच, टोला तोच. काल संध्याकाळी तीन हजार आणि तासाभरात दोनशे एकतीस.” सरांचा आवाज चढला न्हाय. “चुकीचा आकडा का आला हे तुला सांगता येत नसेल, तर बरोबर आकडा बरोबर आहे हे तरी कसं सांगणार? उद्या एखाद्या पुलाचा पाया या आकड्यावर उभा राहील. माफ कर काव्या. मेहनत दिसतेय मला. पण हे यंत्र आपण बाजूला ठेवू.”

काव्यानं मान खाली घातली. “ठीक आहे सर,” म्हणली. “माझंच काहीतरी चुकलं असणार.”

हे जे तिनं म्हणलं ना, ते माज्या छातीत बसलं. ज्या पोरीचं काय बी चुकलं न्हाय ती एका दमात म्हणून गेली, आणि मी छप्पन्न वर्सांचा घोडा, मूग गिळून उभा! समोर सर, बाजूला बहीण, पलीकडं मल्लेश. आयुष्यभराची अब्रू.

“ओ सर!” मी एवढ्यानं ओरडलो की मागांच्या आवाजात बी दारातला वॉचमन आत डोकावला. “तिचं न्हाय चुकलं. माजं चुकलं. मी आवळले नट. तिन्ही. नऊच्या नऊ वेळा!”

मल्लेशनं आपला माग बंद केला. लाइट असताना, सूत तुटलेलं नसताना, खरंच बंद केला. “परत बोल की,” म्हणला. “नीट ऐकू न्हाय आलं.”

“गप बस बे!”

मंग मी समदं सांगितलं. हाताची खोड, टण्ण आणि धप्प, डब्यात टाकलेला पाना. काव्या माज्याकडं नुसती बगत होती. मला वाटलं आता ही माज्याशी जन्मात बोलणार न्हाय.

सर म्हणले, “दाखवा.”

पाना काढला. पोरीनं मारायला सांगितलं, नट ढिले, दोनशे तीस. मी तिन्ही आवळले, ह्या वेळी डोक्याला विचारून. तीन हजार पन्नास. ढिले केले, दोनशे एकोणतीस. आवळले, तीन हजार. सर स्वतः उठून ताटावर बोटानं टकटक करायला लागले. टण्ण. धप्प. टण्ण. धप्प. चार वेळा केलं त्यांनी, आणि पाचव्या वेळी त्यांच्या तोंडावर हसू आलं.

“लोखंडातून तीन हजार. बरोबर आहे, तेवढंच येतं,” म्हणले. “काव्या, यंत्र इथून हलवायचं नाही. पुढच्या महिन्यात आणखी दोन ठिकाणचे गोटे आण. आणि हे सगळं प्रबंधात लिही. नऊ रीडिंगं खोडायची नाहीत, कारणासकट छापायची. उद्या दुसरं कोणी असं यंत्र बांधेल, त्याला कळू दे.” मंग माज्याकडं वळले. “तुमचं पूर्ण नाव काय?”

“कशाला?” मी दचकलो.

“कारणात लिहायला.”

“प्रभुलिंग शरणप्पा हत्तुरे,” जगदेवीनंच सांगून टाकलं, आणि सरांच्या हातात शेंगापोळी ठिवली.

सर गेल्यावर काव्या माज्यापाशी आली. मी म्हणलो, “शिव्या दे. लवकर दे, मला माग बगायचेत.”

“शिव्या कशाला मामा? नुसते दोनशे तीस दाखवले असते तर सर मान हलवून गेले असते. तुमच्या नऊ चुकीच्या आकड्यांनीच त्यांना पटलं, की हे यंत्र लोखंड आणि गोटे वेगळे ओळखतं.” आणि पोरीचे डोळे भरून आले. “आणि तुम्ही म्हणालात. सगळ्यांसमोर. मामा, तुम्ही म्हणालात!”

मी तोंड फिरवलं. डोळ्यात सुताची कुसळं जातात आमच्या शेडमदी, लई त्रास हाय त्याचा.

आता तिनं तिन्ही नटांना लाल सूत बांधून ठिवलंय, माज्यासाठी. प्रबंधाचं ते पान तिनं मला छापून दिलं. इतकी वर्सं लाखांनी टॉवेल गेले माज्या हाताखालनं, एकावर बी माजं नाव न्हाय. पयल्यांदा छापून आलं ते चुकीखाली. ‘वाचन एक ते नऊ रद्द, कारण, श्री. प्रभुलिंग शरणप्पा हत्तुरे यांनी नट आवळले.’ मल्लेश चहाच्या टायमाला रोज मोठ्यानं वाचून दाखवतो, त्याला वाटतं मला झोंबतंय. पान मीच भिंतीला लावलंय, ते त्याला ठाऊक न्हाय. चारी कोपऱ्यांना स्क्रू मारून, चांगलं आवळून.